कोपरीची पाखरबाय

ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या कोपरीला एक राखणदारीण होती. डोळे बशीएवढे, केस जांभळे, नाक असून नसल्यासारखं आणि पाठीवर पांढरेशुभ्र पंख. जन्माने ती जपानी. बोलायची मात्र थेट आमच्या कोळीवाड्यातलं, कारण तिच्या तोंडून बोलायची ती कुंदा नाखवा.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे एका ठराविक नजरेने बघतात. ती नजर माझ्या ओळखीची आहे. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी काही सांगायला लागलो की सगळे डब्याची झाकणं लावून असेच बघायचे. माझ्या बायकोचं म्हणणं, मी बोंबलाची गोष्ट सुरू केली की चहा गाळून होईपर्यंत त्याचा देवमासा होतो. होत असेल. पण कुंदाच्या बाबतीत मी एक अक्षर वाढवत नाही. उलट लोकांना पटावं म्हणून थोडं कमीच करून सांगतो.

नव्वदचं दशक नुकतं लागलेलं. घराघरांत खिडकीच्या फटीतून काळी वायर शिरत होती आणि ज्याच्या घरी ती शिरली तो शेजाऱ्याशी जरा वरच्या पट्टीत बोलायला लागत होता. कोपरीत ही केबल आणली कुंदाच्या भावाने, आणि आणल्या आणल्या तो बोटीवर नोकरीला निघून गेला. बोट मासेमारीची नव्हे, मोठी, दूर देशांना जाणारी. मागे उरली कुंदा, तिचा म्हातारा बाप आणि माडीवरची एक खोली. त्या खोलीत पूर्वी जाळी ठेवायचे. जाळी अजून छताला लटकत होती, त्यांच्याखाली मासळीच्या पाट्या उपड्या मांडून त्यांवर टीव्ही, व्हीसीआर आणि लाल दिव्यांची कसली कसली यंत्रं. वायर कुठली आणि जाळ्याचा दोर कुठला हे फक्त कुंदाला कळायचं. दारात तिचा बाप, सगळे त्याला नाखवाबाबा म्हणत, फाटकं जाळं मांडीवर घेऊन विणत बसायचा. त्या जाळ्याने पुन्हा कधी पाणी बघितलं नाही, पण विणणं थांबलं नाही.

कुंदा तेव्हा तिशी ओलांडलेली. बसकी, रुंद, चालताना जिना दचकायचा. केसांत रोज अबोलीचा गजरा. आणि आवाज! तो आवाज मी तुम्हाला कसा सांगू? खाडीच्या या काठावरून तिने हाक मारली की पलीकडच्या मिठागरातले बगळे उडायचे. आता तुम्ही म्हणाल ते तसेही उडतात. उडतात; पण तिने हाक मारली की ते आपलंच नाव घेतल्यासारखे उडायचे. आणि हाच आवाज माइकसमोर आला की मऊ होऊन जायचा, दुधात भिजवलेल्या पोह्यासारखा.

माइक होता तो सूचना द्यायला. "उद्या पानी येनार नाय, भरून ठेवा." "कोनाची तरी चाव्यांची जुडी मारुतीच्या देवळात हाय." सिनेमा चालू असताना मध्येच तिचा आवाज यायचा आणि पडद्यावरचा खलनायक तोंड उघडं टाकून चाव्यांच्या जुडीबद्दल बोलतोय असं वाटायचं. कुणाची तक्रार नव्हती. रोज शेवटी, केबल बंद करण्याआधी, ती न चुकता म्हणायची, "कोपरीकर, दारा लावून घ्या, गॅस बघा. झोपा बिनघोर. मी हाय."

बस, एवढंच. पण त्या 'मी हाय'नंतर कोपरी खरोखर झोपायची. निद्रानाश झालेले आमचे एक शेजारी त्या शब्दाला डोकं टेकवायचे आणि घोरायला लागायचे. त्यांच्या बायकोने कुंदाला येऊन सांगितलं, "अगं, जरा हळू म्हण, हे खुर्चीतच झोपतात."

मग एके दिवशी भावाने बोटीवरून व्हिडिओ कॅसेटींचं खोकं पाठवलं. जपानच्या बंदरातून घेतलेल्या. वर सगळी जपानी अक्षरं, आत कार्टून. भावाचा समज, लहान मुलांचं काहीतरी असेल. कुंदाची एक पद्धत होती: कुठलीही कॅसेट ती आधी बघायची नाही. "मासली नि गोष्ट, ताजी वाढायची," म्हणायची. तशीच तिने पहिली कॅसेट दिवेलागणीनंतर सरळ लावून दिली.

पडद्यावर एक शाळकरी वाटणारा, बहुधा कॉलेजातला, भोळसट पोरगा. रस्ता ओलांडताना तो गाडीखाली येणार, तेवढ्यात आभाळ फाटतं आणि जांभळ्या केसांची, पंखांची मुलगी खाली येऊन त्याला कॉलरला धरून उचलते. दोघं जपानीत काहीतरी बोलतात. तो लाजतो. ती रागावते. तिच्या पंखाचं एक पीस गळून पडतं आणि ती घाबरते.

कोपरीच्या खिडक्यांमधून एकच ओरडा उठला. "कुंदेऽऽ! काय बोलतायत गं ते?"

कुंदाने जपानी आवाज बारीक केला, माइक ओढला आणि म्हणाली, "गप बसा. सांगते."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. जपानीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. पण पोराचं नाव तिने बाळू ठेवलं आणि मुलीचं पाखरबाय. मागे डोंगर, पुढे पाणी दिसलं म्हणून ते गाव आमच्याच खाडीवरचं बाळकुम ठरवून टाकलं. डोंगरावर बर्फ होतं, कुंदा म्हणाली, "यो मीठ हाय, सुकत घातलाय." बाळकुमची माणसं दुसऱ्या दिवसापासून छाती काढून चालायला लागली.

पाखरबाय कोण, हा प्रश्न मात्र आमच्या चाळीने सोडवला. आम्ही बरेचसे कोकणातले. आमच्या गावांना राखणदार असतो. तो दिसत नाही. अंधारात काठी आपटत गावाच्या शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. त्याला वर्षातून एकदा नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं. त्याला अट एकच: त्याने शीव ओलांडायची नाही, माणसाच्या संसारात पडायचं नाही. पडला की राखण संपली, गाव उघडं पडलं. ते गळणारं पीस बघून आमच्या तात्या परबांनी मांडीवर थाप मारली. "अरे, ही तर राखणदारीण! त्या झिलाच्या प्रेमात पडली तर हिचे पंख जातले!" तात्या माझ्याच कारखान्यात फिटर. कारखान्यात ते यंत्राला नमस्कार करून बटण दाबायचे, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा.

कुंदाने खिडकीतून ते ऐकलं आणि पुढच्याच वाक्याला पाखरबायच्या तोंडी घातलं, "बाळू, मना तुज्यावर जीव लावायचा नाय. जीव लावला का माझी शीव मोडली."

अशी एक जपानी मालिका कोपरीच्या राखणदारिणीची झाली.

त्या दिवसांत संध्याकाळी मी कामावरून घरी येताना मुद्दाम लांबच्या गल्लीने जायचो. खाडीवरून धुकं चढत असायचं, त्याला चिखलाचा आणि सुक्या मासळीचा वास. दिवे पिवळे, खिडक्या निळ्या. प्रत्येक खिडकीत तोच एक निळा उजेड हलतोय आणि प्रत्येक घरातून तोच एक आवाज येतोय. गल्लीच्या एका टोकाला पाखरबायने वाक्य सुरू केलं की तुम्ही चालत चालत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत एकही शब्द हुकायचा नाही. वाटायचं, सबंध वस्तीच एका कुणाच्या तरी स्वप्नात आहे आणि ते स्वप्न पडणारी बाई माडीवर मासळीच्या पाटीवर बसली आहे. कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. एक कुत्रं तर मी स्वतः बघितलं, पाखरबाय रडायला लागली तसं पायरीवर डोकं ठेवून सुस्कारलं. कुत्रं सुस्कारत नाही असं ज्याला वाटतं त्याने कोपरीत राहून बघावं.

आता माझा या सगळ्यात हात किती? किंचित. माझा आवाज राकट म्हणून कुंदाने मला वर बोलावून घेतलं. मी खलनायक, कुत्री, वादळ आणि पंख. पंखांसाठी माझी काळी छत्री माइकजवळ फडाफड उघडमीट करायची. एकदा ऐन उड्डाणात छत्री उलटी झाली, काडी कुंदाच्या गजऱ्यात अडकली आणि पाखरबाय ढगात असताना ओरडली, "मेल्या सावंता, डोला फोडशील!" कोपरीने ते मुकाट्याने मान्य केलं. सावंत नावाचा कुणी राक्षस असावा असं धरून लोक दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत होते.

आणि बाळू? बाळूचा आवाज होता श्रीपतीचा.

श्रीपती माने म्हणजे कुंदाकडचा वायरमन. मूळ साताऱ्याकडचा, वाढला डोंबिवलीत. उंच इतका की शिडी त्याला अपमानास्पद वाटायची. तो छपरांवरून चालायचा, मांजरासारखा, खांद्यावर वायरचं वेटोळं. बोलणं जवळजवळ नाहीच. त्याला बाळू करणं ही कुंदाची युक्ती, म्हणाली, "बाळूला काय जास्त बोलायचा नाय, नुसता 'अगं' आनि 'पन' म्हनायचा." जिथे जास्त बोलायचं तिथे ती माइकवर हात ठेवून त्याच्या कानात वाक्य सांगायची आणि दंडाला चिमटा काढायची. चिमटा बसला की श्रीपती बोलायचा. त्याचा दंड कायम निळा असायचा आणि चेहरा कायम सुखी.

सगळ्या कोपरीला ठाऊक होतं. श्रीपतीने डोंबिवलीत, पश्चिमेला, मोठागावच्या अंगाला एक खोली घेतली होती. त्याची आत्या रीतसर विचारायला आली होती, बेसनाचे लाडू घेऊन. कुंदाने लाडू ठेवून घेतले आणि आत्याला म्हणाली, "मानूस चांगला हाय, आत्या. पन मी गेले तर हितं बघनार कोन?" आत्या गेली. श्रीपती दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा छपरावर. जाता जाता एवढंच म्हणाला, "खोलीला खिडकी हाये. खाडी दिसती. तुमचीच खाडी, वरच्या अंगाची."

नाखवाबाबा बोलला. "पोरी, मना बघायला तू नको. मी काय समई हाय, विझनार? नि ही कोपरी तुजी राखन मागाया आलेली काय?"

खरं तर तोपर्यंत आली नव्हती. आली ती परबांच्या शेगडीमुळे.

झालं असं. केबलच्या खोलीला लागूनच, खालच्या अंगाला, परबांचं स्वयंपाकघर. त्या दिवशी पडद्यावर पाखरबाय एका छपराच्या टोकाला बसून चंद्राकडे बघत होती. कुंदा हळू आवाजात सांगत होती, "बाळू, तू झोपतोस तवा मी तुज्या उशाशी बसते. तुना कलत नाय. माज्या पंखांचा वारा लागतो नि तुना वाटता पंखा चालू हाय..." मी छत्री मिटून ऐकत होतो. कुंदाचं नाक एकदम वर झालं. त्या नाकाबद्दल मी स्वतंत्र बोलेन कधीतरी. कल्याणच्या बाजारात शिळा पापलेट आला तर तिला कोपरीत शिंक यायची. पडद्यावर पाखरबायने मान वळवली, ते बशीएवढे डोळे सरळ प्रेक्षकांकडे लागले, आणि ती म्हणाली,

"परबवैनी! काडी वढू नका! शेगडीचा कॉक उघडा हाय. आदी खिडकी उघडा!"

परबवहिनी देवाजवळ दिवा लावायला हातात काडेपेटी घेऊन उभ्या होत्या आणि एक डोळा टीव्हीवर होता. त्यांनी सांगितलं ते असं: "ती माझ्याकडे बघूनच बोलली हो. माझ्याकडेच." काडेपेटी त्यांच्या हातातून पडली. खिडक्या उघडल्या. गॅस निघून गेला. खोलीत त्यांची दोन नातवंडं झोपलेली होती.

दुसऱ्या संध्याकाळी परबांच्या टीव्हीच्या खोक्यावर नारळ ठेवलेला दिसला. नारळापुढे तात्या, हात जोडून, मागे अर्धी चाळ.

"बा पाखरबाये म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्यो जो काय नारळ तुझ्यापुढे ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा! ह्या कोपरीतली पोरांबाळां, गुरांढोरां..."

"तात्यानू, गुरां खंय आसत?"

"गप रव! गुरां नसली तरी स्कूटरी आसत. त्येंची राखण कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

नंतर ती रीतच पडली. मालिकेच्या दिवशी घरोघरच्या टीव्हीवर नारळ. एका घरात तो गडगडून खाली आला आणि टीव्ही बंद पडला. तो कौल धरला गेला. भिंतीपलीकडून, खिडकीतून, जिन्यातून ते 'होय म्हाराजा' वर कुंदापर्यंत यायचं. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदाही हसली. पुढे ती हसायची बंद झाली आणि माइक पुसायला लागली. गाऱ्हाणं तिच्यासाठी नव्हतं, त्या जांभळ्या केसांच्या पोरीसाठी होतं, हे खरं. पण बोलत होती ती. गॅसचा वास आला होता तिला. लोक जिन्यात भेटले की म्हणायचे, "कुंदा, तू आहेस म्हणून बरं." चांगल्या मनाने म्हणायचे. त्या प्रत्येक 'तू आहेस'ने मोठागावची ती खिडकी जरा जरा लांब सरकत होती. श्रीपतीला ते कळत होतं. छपरावरून चालताना त्याचा पाय आता वाजायला लागला होता.

मग भावाचं शेवटचं खोकं आलं. त्यात एकच कॅसेट. म्हणजे शेवट.

कोपरीत दोन पक्ष पडले. कॉलेजातली पोरं म्हणत, पाखरबायने पंख टाकून बाळूशी लग्न करावं. तात्यांचा पक्ष म्हणे, शीव मोडायची नाही. भाजीच्या गाडीवर, दूध केंद्रावर, केशकर्तनालयात, सगळीकडे तेच. एक न्हावी तर गिऱ्हाइकाचा अर्धाच कल्ला उतरवून वाद घालायला रस्त्यावर आला आणि ते गिऱ्हाईक तसंच अर्धं, आठवडाभर हिंडत होतं. नाव सांगत नाही. मीच तो.

कुंदाने कॅसेट आधी बघावी असं मी सुचवून पाहिलं. "एवढं गाव पेटलंय, निदान आज तरी बघून घे."

ती म्हणाली, "माजी पद्धत मोडायची नाय."

"शेवट काय असेल?"

"मना काय ठाव? जो आसल तो आसल." आणि गजरा नीट करायला लागली. गजरा नीटच होता.

त्या संध्याकाळी धुकं नेहमीपेक्षा दाट चढलं. खाली तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, आणि सगळी कोपरी शांत असल्यामुळे ते शब्दन् शब्द वर आलं. "बा पाखरबाये म्हाराजा! तुझी जी काय शीव आसा ती तू कधी ओलांडू नको म्हाराजा! त्या बाळूक खंयची तरी दुसरी बायल मिळांदे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

बाळूचा आवाज माझ्या शेजारी, मासळीच्या पाटीवर, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. त्याने मान खाली घातली.

कॅसेट सुरू झाली. शेवटच्या प्रसंगात एक पूल होता, खाली पाणी, वर चांदणं. पाखरबाय आणि बाळू समोरासमोर. तिच्या पंखांची पिसं गळत होती, एकेक, बर्फासारखी, कुंदाच्या भाषेत मिठासारखी. बाळूचे ओठ हलले. आता कुंदाने माइकवर हात ठेवायचा, कानात वाक्य सांगायचं, चिमटा काढायचा.

तिने चिमटा काढला नाही.

श्रीपतीने तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. बाळूचे ओठ हलून थांबले. मी घाबरून छत्री उघडली आणि मिटली.

"पंख..." श्रीपती बोलला. त्याने घसा खाकरला. "पंख जायाचं असतील तर जाऊ द्यात. मी पंखासाठी आलेलो न्हाई."

तोवर पडद्यावर बाळू नव्हताच. तिथे पुलाखालून होडी हाकणारा एक जपानी म्हातारा आला होता, आणि श्रीपतीचं पुढचं बोलणं त्याच्या तोंडी गेलं. "तुमी सगळ्यांचा गॅस बघता. तुमचा कोन बघतं?" मग एक मांजर आलं. मांजर शेपटी हलवत म्हणालं, "खिडकी अजून तशीच हाये. पडदा लावलेला न्हाई. तुमी सांगाल त्या रंगाचा लावायचा म्हनून."

कोपरीतल्या एका माणसालाही हसू आलं नाही. मांजराच्या तोंडून इतकं खरं बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही.

पडद्यावर पाखरबायने पंख उघडले. उरलेसुरले, अर्धे झडलेले. ती बाळूकडे बघत बघत वर उचलली गेली, पूल खाली राहिला, ढग आले, ढगांच्या वर उजेड. संगीत असं काही की नाखवाबाबाची सुई जाळ्यात थांबली. खाली तात्यांचा पक्ष जिंकल्यात जमा होता. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "चालली वर, सुटलो!"

माझी छत्री गप्प होती. पाखरबाय पार ढगात गेली, ठिपका झाली, आणि तेव्हा तो आवाज आला, दुधात भिजलेला.

"बाळू, मी वर नाय चालले."

आम्ही सगळे त्या ठिपक्याकडे बघतोय.

"कोपरीकर, नीट आयका. मी वर नाय चालले. मी डोंबिवलीला चालले."

आणि तिने जपानी गाण्याचा आवाज मोठा केला.

श्रीपतीने काय केलं? काही नाही. उठला, छताच्या आढ्याला डोकं आपटलं आणि तसाच खाली बसला. त्याच्या दंडावर कुंदाने, सगळं झाल्यावर, एक चिमटा काढला. नाखवाबाबाने सुई पुन्हा चालवली. "गॅसचा सांगायचा राहिला ना तुजा," तो म्हणाला, तेव्हा कुंदाने माइक ओढून ते सांगितलं. "मी हाय" म्हणताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

जिन्यावर पावलं वाजली. तात्या परब. हातात टीव्हीवरचा नारळ. मी छत्री पुढे धरली. तात्यांचा काही नेम नव्हता. तात्या दारात उभे राहिले, कुंदाकडे बघत राहिले, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा कळलं की गाऱ्हाणं आपण कुणाला घालत होतो. तो डोंगराएवढा माणूस ओठ चावायला लागला.

"चेडवा," ते म्हणाले, "माका आधी सांगूचा नाय?"

"काय सांगू, तात्या? तुमी हात जोडून उबे."

तात्या नारळ घेऊन तसेच खाली गेले. पुढे लग्न होईपर्यंत ते कुणाशी धड बोलले नाहीत. चाळीत चर्चा, तात्या दुखावले, तात्या येणार नाहीत. लग्नाला आले, कोपऱ्यात बसून जेवले.

पाठवणीचा टेम्पो निघाला कळव्याच्या बाजूने. खाडीच्या पुलाच्या अलीकडे टेम्पो थांबला, कारण रस्त्याच्या मधोमध तात्या उभे. मागे अर्धी चाळ. त्यांनी पुलाच्या तोंडाशी नारळ ठेवला आणि आभाळाकडे बघून गाऱ्हाणं सुरू केलं. मागे गाड्यांची रांग, भोंगे, शिव्या. तात्यांचा आवाज त्या सगळ्याच्या वर.

"बा म्हाराजा! आमची ही राखणदारीण आज शिवेवर येवन उभी आसा. ती शीव ओलांडूची नाय, ही आमची रीत आसा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" लोक म्हणाले, पण बारीक आवाजात. टेम्पोत श्रीपतीचा चेहरा मुंडावळ्यांमागे पांढरा पडला.

"म्हणान आमी आज ही शीवच वाढयतांव म्हाराजा! कोपरीपासून कळवा, मुंब्रा धरून थेट डोंबिवलीच्या खाडीपर्यंत, जा काय आसा ता सगळा आजपासून हिच्या हद्दीत म्हाराजा! हिणे खंय ऱ्हवाचा, कोणाबरोबर ऱ्हवाचा, ता हिका ठरवांदे. नि हिची राखण आता तूच कर म्हाराजा!"

त्या 'होय म्हाराजा'ने पूल हलला. मी त्यावर उभा होतो, मला विचारा. पुलाची लाज वाटून सरकारने पुढे शेजारी दुसरा बांधला, असं माझं मत आहे.

कुंदाने टेम्पोतून मान बाहेर काढली. गजरा विस्कटलेला, डोळे बशीएवढे. "तात्या, मागं गाड्या खोलंबल्यात. फोडा तो नारल नि सरका बाजूला."

तात्यांनी फोडला. टेम्पो पुलावर गेला.

केबलची खोली मग दुसऱ्या कुणीतरी चालवली. वाहिन्या वाढल्या, माइक कुठे गेला कोण जाणे. कॅसेटींना बुरशी लागली. मालिकेची मूळ गोष्ट काय होती ते कुणालाच कळलं नाही आणि कुणी सांगायला आलं तर मी कानात बोटं घालतो. एवढं मात्र खरं, कोपरीतली माणसं अजून झोपायच्या आधी उठून गॅसचा कॉक बघतात. का, ते विचारलं तर सांगता येत नाही त्यांना.

कुंदाला मी शेवटचं बघितलं ते दशक संपत आलं तेव्हा. भिवंडीकडे एका नातेवाइकाकडे जायचं होतं, म्हणून मोठागावच्या धक्क्यावरून माणकोलीकडे जाणाऱ्या होडीत बसलो. तिन्हीसांजेची वेळ. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं, मधली रेघ पुसलेली. धक्क्याच्या पायरीवर एक रुंद बाई पाण्यात पाय सोडून बसली होती, केसांत अबोली. वरच्या खांबावर कुणीतरी उंच माणूस वायर ओढत होता.

"सावंता!" ती ओरडली. बगळे उडाले. "छत्री आनलीस काय?"

"नाही गं!"

"मंग पंख कसा हलवनार?"

मी काहीतरी ओरडलो, ती हसली, होडी दोर सोडून धक्क्यापासून दूर झाली. धुकं मध्ये आलं. पायरी गेली, खांब गेला, ती फक्त एक पांढुरका आकार राहिली पाण्याच्या काठावर, कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना. नावाड्याने इंजिनाचा दोर हातात धरला होता, पण ओढत नव्हता. तसाच थांबलेला.

"चालू कर की," मी म्हणालो.

"थांबा जरा," तो म्हणाला. "ती सगल्या होड्यांना ओरडते. त्याच्याआदी आमी इंजिन चालू करत नाय."

पाणी होडीच्या अंगाला हळू हळू थापट्या मारत होतं. होडीतल्या सगळ्यांनी धक्क्याकडे मान वळवली.

"घरचा गॅस बघितलात काय?" धुक्यातून आवाज आला.

मी बघितला नव्हता.

"जावा बिनघोर. मी हाय."

नावाड्याने दोर ओढला.